पहिल्या ओळीतलं नाव

१२ जून १९८६, गुरुवार

कालिरोई,

तुझा खोका पोचला. मंगळवारच्या बोटीनं आला आणि धक्क्यावर उतरवताना मिनासच्या पाठीत लचक भरली. परवापासून तो पालथा पडून आहे. नवरा माझा, पाठ त्याची आणि दगड तुझा. चार माणसं लागली उचलायला. अख्खं गाव बघत होतं, कारण बोट आठवड्यातून दोनदाच येते आणि ज्यांचं काही यायचं नसतं तेही धक्क्यावर हजर असतात. निकितास तर कॉफीचं दुकान उघडं टाकून आला. "अमेरिकेनं काय पाठवलं गं सेवास्ती? तिजोरी?" मी म्हटलं, "हो. रिकामी."

घरी आणून वरची एक फळी उचकटली. आत भुसा, भुशात पांढराशुभ्र संगमरवर आणि त्यावर सोनेरी अक्षरांत तुझं नाव. एकेक अक्षर माझ्या तळहाताएवढं. पुढे काय कोरलंय ते वाचायची इच्छाच झाली नाही. फळी परत ठोकून टाकली. सोबत तुझी चिठ्ठी होती, "सणाच्या आधी बेटावरच्या चर्चच्या दारावर बसवून घे." बसवून घे! अकरा वर्षांत तुझं पहिलं पत्र, आणि त्यात सात शब्दांचा हुकूम. मिनास कसा आहे, मी कशी आहे, गुडघे चालतात का, काही नाही. पिरेअस बंदरातल्या ज्या पाथरवटाकडून दगड करून घेतलास त्याला लांबलचक पत्र लिहिलं असशील, त्याला मापं द्यायची होती.

ती पाटी घेऊन बेटावर जायचं म्हणजे काय, हे तू विसरली असशील. होडीनं पाऊण तास, मग खडकात खोदलेल्या एकोणसाठ पायऱ्या. मी त्या दर दुसऱ्या गुरुवारी चढते. दिव्यात तेल घालते, टाक्यात पाणी किती उरलंय ते बघते, ईस्टरच्या आधी चुना लावते. आणि आता उन्हाळा, म्हणजे पर्यटक. मिनासच त्यांना घेऊन जातो, आपलं बेट आणि पलीकडची दोन, एकावर शेळ्या आणि दुसऱ्यावर नुसते समुद्रपक्षी. ती माणसं शेळ्यांकडे बघून "किती शांत!" म्हणतात. गेल्या महिन्यात दोघंजण चर्चच्या आतच झोपले होते. संत किरियाकीच्या तसबिरीच्या चौकटीवर मोजे वाळत घातलेले. मी ते मोजे काठीनं उचलून समुद्रात टाकले. त्यांनी मला मिठी मारली आणि फोटो काढला.

चर्च तुझं, मोजे मी उचलायचे. आईचं सगळं पहिल्या मुलीचं, हा आपल्याकडचा नियम मी काही आज ऐकत नाही. घर तुझं, जैतुनाची झाडं तुझी, बेटावरचं चर्च तुझं. धाकटीनं राबावं आणि थोरलीला दुवा द्यावा. आईला नऊ वर्षं मी न्हाऊ घातलं, ती गेल्यावर तू थेट चाळिसाव्या दिवसाच्या विधीला आलीस, घराला कुलूप लावलंस, किल्ली पर्समध्ये टाकलीस आणि म्हणालीस, "नियम आहे तो, मी नाही केला." तेव्हा मीही म्हटलं होतं की तुझं नाव पुन्हा तोंडातून काढणार नाही. ताई म्हणणं त्याच दिवशी सोडलं.

पण नाव कुठलं सुटतंय. दर वर्षी सात जुलैच्या सणाला मीच यादी लिहिते. डावीकडे जिवंत माणसं, उजवीकडे गेलेली. पाद्री पापा-कॉस्मास प्रसादाच्या पावांना आशीर्वाद देताना ती खणखणीत आवाजात वाचतो. चर्च ज्याचं त्याचं नाव डावीकडे सगळ्यात वर. म्हणजे तुझं. ज्या बाईशी मी बोलत नाही तिचं नाव माझ्याच हातानं, पहिल्या ओळीत, दर वर्षी.

खोका अंगणात उभा आहे. त्यावर मी ओरेगॅनोच्या जुड्या वाळत घातल्यात. त्याला तेवढा तरी उपयोग होऊ दे.

सेवास्ती


९ जुलै १९८६

कालिरोई,

सण झाला. चांगला झाला. चर्च तुझं आहे म्हणून कळवते.

वारा होता. मिनास म्हणाला, "आज नको." पापा-कॉस्मास म्हणाला, "संत बघून घेईल." संतानं बघून घेतलं ते त्यालाच. पंधरा मिनिटांत पाद्रीबाबा होडीच्या कडेवर ओणवे, दाढीतून पाणी गळतंय. शेजारी मारुक्ला आजी, वय त्र्याऐंशी, प्रसादाचे पाच पाव मांडीवर घट्ट धरून निवांत बसलेली. "वाक अजून थोडा," ती त्याला म्हणाली, "पावावर नको."

पाच होड्या, चाळीसेक माणसं. शेळी शिजवली, भात केला, मीठ जरा जास्त झालं पण कोणी बोललं नाही. आपल्या मागोमाग पर्यटकांच्या दोन होड्या येऊन ठेपल्या. एक मुलगी पोहायच्या कपड्यांत थेट चर्चच्या दारात. मारुक्ला आजीनं काही न बोलता स्वतःचा एप्रन सोडून तिच्या कमरेला बांधला. मुलगी खूश झाली आणि एप्रनसकट निघून गेली. आजी अजून माझ्याकडे तो मागते, जसा काही मीच दिला होता.

तुझी पाटी बसवली नाही. मिनासची पाठ अजून धरलेली आहे, तिचं नाव काढू नकोस.

आणखी एक. गावातून तुला कोणी पत्र टाकलं तर मनावर घेऊ नकोस. यादीच्या कागदाचा थोडा घोटाळा झाला. होडीत लाट उडाली आणि वरची ओळ भिजली. शाईचं पेन होतं. पापा-कॉस्मासला ती वाचता आली नाही, म्हणून त्यानं दुसऱ्या ओळीपासून सुरुवात केली. एवढंच झालं.

सेवास्ती


१६ जुलै १९८६

कालिरोई,

हे पत्र बसून वाच.

गावाला वाटतंय की तू गेलीस.

अमेरिकेला गेलीस असं नाही. वर गेलीस.

मी मागे लिहिलं की कागदावर पाणी उडालं. उडालं नव्हतं. कागद माझ्या पिशवीत मेणकापडात कोरडा ठणठणीत होता. मी तुझं नाव लिहायला विसरले. घाई होती, पाव भाजायचे होते, मिनासच्या पाठीला तेल चोळायचं होतं. माणूस विसरतं.

पापा-कॉस्मासनं कागद उघडला आणि तोंड उघडून तसाच थांबला. अकरा वर्षं तो त्या दारात उभा राहून "कालिरोई" असं सुरू करतो. त्यानं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी तसबिरीकडे पाहिलं. मग त्यानं घसा खाकरला आणि "मिनास" म्हणाला. मारुक्ला आजीनं छातीवर क्रूसाची खूण केली, तिचं बघून बाकीच्या बायकांनी केली. जेवताना प्रत्येकजण मला मांसाचा चांगला तुकडा वाढत होता आणि मला कळेना की आज माझे एवढे लाड का.

दुसऱ्या दिवशी सकाळी मारुक्ला आजी ब्रँडीची बाटली घेऊन दारात. मागे आणखी सहाजणी.

"रड गं बाई," ती म्हणाली. "कोंडून ठेवू नकोस. रुसवा होता तो होता, बहीण ती बहीण."

"आजी, ती जिवंत आहे."

तिनं माझा हात हातात घेतला. "आपल्या मनात जिवंतच असतात गं ती."

"मनात नाही! बाल्टिमोरमध्ये!"

"हो हो," म्हणाली आणि मागे वळून बायकांना हळूच सांगितलं, "अजून मानत नाहीये बिचारी."

त्यात भर तुझ्या दगडाची. निकितासनं दुकानात बसून सगळ्यांना पटवलंय की त्यानं स्वतः पाहिला, संगमरवर आहे, सोनेरी नाव आहे. त्यानं पाहिलं काय, खोका! "दारावरची पाटी एवढी जड कोण पाठवतं? थडग्याची आहे. आपल्या मातीत यायचं होतं तिला, दगड आधी पाठवला." आता सगळे तुला शहाणी म्हणतायत. जिवंतपणी तुला कोणी शहाणी म्हटलेलं मला आठवत नाही.

मग खरं काय ते ठणकावून सांगायचं ना, असं तू म्हणशील. सांगू काय? की जिवंत बहिणीचं नाव तिच्याच चर्चमध्ये वाचायचं राहिलं? या गावात लोक आजारी गाढवाचंसुद्धा नाव यादीत घालतात. बहिणीचं विसरलं असं कोणी कधी ऐकलेलं नाही, म्हणून तर त्यांना तू गेलीस हे पटलं. माझ्याबद्दल एवढं वाईट कोणाच्या मनातच येत नाही. मी काय म्हणू, यापेक्षा वाईट मनात आणा?

पापा-कॉस्मासला मी बाजूला घेऊन सांगायला गेले. तो डोळे मिटून म्हणाला, "सेवास्ती, दुःखाचे रस्ते वेगवेगळे असतात." त्यानं चाळिसाव्याचा दिवस धरून ठेवलाय. तारीख कोणालाच माहीत नाही म्हणून सणाच्या दिवसापासून मोजला. त्याला लागून येणारा रविवार, सतरा ऑगस्ट.

तू एक काम कर. निकितासच्या दुकानात फोन कर. दुपारी कर, तेव्हा सगळे पत्ते खेळत असतात. नेहमीसारखी ओरड म्हणजे खोलीभर ऐकू जाईल. मला काय हव्या त्या शिव्या दे. बस एवढं कर.

सेवास्ती


३० जुलै १९८६

कालिरोई,

फोन का करत नाहीस?

पत्राला बारा दिवस लागतात. पहिली दोन तुला नक्की मिळाली असतील, तिसरं परवा-तेरवा मिळालं असेल. तू रागावली असशील. रागाव, पण रागावलेलं माणूस फोनवर जास्तच बोलतं, तू तर नक्कीच. मी दोन आठवडे रोज दुपारी निकितासच्या दुकानात जाऊन बसतेय. बाई माणूस कॉफीच्या दुकानात! आधी लोक गप्प व्हायचे, आता माझ्यासाठी खुर्ची पुसून ठेवतात.

काल मीच फोन लावला. आईच्या वहीत तुझा नंबर होता. पलीकडे कुणीतरी पुरुष. मी "कालिरोई" म्हटलं. तो काहीतरी म्हणाला. मी परत म्हटलं. चार वेळा म्हटलं, हळू म्हटलं, ओरडून म्हटलं. तो "नो" म्हणाला, मग आणखी एकदा "नो", आणि फोन ठेवला. मी वळले तर दुकानातल्या सगळ्यांनी टोप्या काढून हातात धरल्या होत्या. निकितासनं साखरपाण्याचा पेला पुढे केला. गेल्या तीस वर्षांत त्यानं मला पाण्याचा पेला कधी दिला नव्हता.

मी चिडलेय. भयंकर चिडलेय. तुझा राग येतोय कारण तू उत्तर देत नाहीस, आणि घाबरलेय म्हणून तो राग दुप्पट येतोय. "नो" म्हणजे काय? इथे राहत नाही असं, की नाहीच असं? तुझे मुलगे कुठे आहेत? त्यांना मावशीला एक ओळ लिहिता येत नाही? त्यांना लिहिताच येत नाही आपली भाषा, हे तुझंच कर्तृत्व.

आता खरं सांगते. हे शेवटचं खरं आहे, याच्याखाली आणखी काही नाही.

मी विसरले नव्हते. सात तारखेच्या सकाळी स्वयंपाकघरात टेबलाशी कागद घेऊन बसले. दारातून तुझा खोका दिसत होता. मी तुझ्या नावाचं पहिलं अक्षर लिहिलं, आणि मला आईचे पाय आठवले. शेवटी ते असे सुजायचे की मोजे चढत नसत, मी रोज सकाळी तासभर चोळून द्यायची. आणि ती विचारायची, "कालिरोईचं पत्र आलं का?" मला कधी "सेवास्ती, दमलीस का?" असं नाही. कालिरोईचं पत्र आलं का. मी कागद चुरगळून चुलीत टाकला. दुसरा घेतला आणि मिनासपासून सुरुवात केली. खरं सांगू, हलकं वाटलं. शेवटचं नाव लिहून होईपर्यंत मला बहीण नव्हती, आणि मला बरं वाटत होतं.

आता मला खरंच बहीण नाही की काय, या विचारानं झोप उडाली आहे. कागदावरून काढल्यानं माणूस मरत नाही, हे मलाही कळतं. पण आपल्याला लहानपणापासून काय शिकवलंय? यादीत नाव असलं की संत लक्ष ठेवते. मग नसलं की? गेल्या गुरुवारी बेटावर गेले, दिवा लावला, आणि दारात उभी राहून तीन वेळा मोठ्यानं तुझं नाव घेतलं. दोन पर्यटक सावलीत कलिंगड खात बसले होते, त्यांनी मला हात केला.

परवा मिनास म्हणाला, "तो खोका उघड एकदाचा." मी म्हटलं, "मला बघायचा नाही." तो म्हणाला, "मग मी उघडतो, पाठ माझी गेली आहे." आणि त्यानं सगळ्या फळ्या काढल्या, भुसा झाडला. तुझ्या नावाच्या खाली आणखी एक ओळ आहे.

कालिरोईचं चर्च.
राखलं सेवास्तीनं.

मी अंगणात तशीच मटकन खाली बसले. अक्षरं बघितली, दोन्ही ओळींची सारख्याच मापाची आहेत. मिनासनं फूटपट्टी लावून दाखवली. अगं, असं पाठवायचं होतं तर चिठ्ठीत लिहायला काय झालं होतं? "तुझंही नाव आहे" एवढे तीन शब्द! तीन शब्द वाचवलेस आणि मी तुला मारून बसले. आणि "राखलं" म्हणजे काय? मी काय शेळ्या राखते? पण वाचत होते तेव्हा हे काही सुचलं नाही, तेव्हा मी रडत होते. मारुक्ला आजीनं कुंपणावरून पाहिलं आणि म्हणाली, "आलं, शेवटी रडू आलं हिला." तिला फार समाधान झालं.

कुठे असशील तिथून एक ओळ पाठव. अर्धी पाठव. नुसतं कोरं पाकीट पाठव, त्यावर तुझ्या अक्षरात पत्ता असू दे.

सेवास्ती


२० ऑगस्ट १९८६, बुधवार

कालिरोई,

आईच्या घराचं, म्हणजे तुझं, दार माझ्या दारापासून बावीस पायऱ्यांवर आहे, तरी लिहितेच आहे. तोंडानं बोलायला गेलं की आपलं काय होतं ते रविवारी सगळ्या गावानं पाहिलं.

तू प्रत्येकाला सांगत फिरतेयस की बहिणीनं तुला जिवंतपणी पुरलं. सांग, तुझा हक्कच आहे. पण मी काय पाहिलं तेही एकदा लिहून ठेवते, कारण तुझ्या सांगण्यात दर वेळी थोडी भर पडते. काल निकितासच्या दुकानात तू म्हणे सांगितलंस की बँड वाजत होता.

बँड नव्हता. शनिवारची बोट वाऱ्यामुळे रविवारी आली. शनिवारी मी गहू उकडले. हो, मीच. गेलेल्याच्या नावानं वाटायचे, चाळिसाव्याचे गोड गहू. तुझं पत्र नाही, फोन नाही, एक परका माणूस "नो" म्हणतो. मी मानलं होतं. बदाम लावले, मनुका लावल्या, वर पिठीसाखरेचा थर दाबला आणि त्यावर तुझ्या नावाचं अक्षर काढताना माझी साखर दोनदा ओली झाली, पुन्हा चाळून घालावी लागली. रविवारी चर्चमध्ये पापा-कॉस्मासनं तुझं नाव उजव्या यादीतून वाचलं. तुला कल्पना नाही ते ऐकायला कसं वाटतं. तुला कशी असेल, तू बोटीत होतीस.

आणि आम्ही तबक घेऊन बाहेर आलो तर चौकात तू. काळे कपडे, हातात बॅग, उलटीनं चेहरा पांढरा फटक. त्या चेहऱ्यानं तर कहरच केला. मारुक्ला आजी जागीच बसली. पापा-कॉस्मासनं क्रूस पुढे धरला, त्याला मी दोष देत नाही. सगळे दोन पावलं मागे सरकले, फक्त मी हलले नाही, कारण माझे पायच हलेनात. आणि तू सरळ माझ्यासमोर आलीस, चमचा उचललास, तबकातले गहू तोंडात टाकलेस, चावलेस आणि म्हणालीस,

"साखर कमी पडलीय. कोणी केलेत, सेवास्तीनं?"

मी तबक टाकलं आणि तुझ्या गळ्यात पडले. हे तू कोणालाच सांगत नाहीस. माझ्या खांद्यावर तूही रडलीस, तेही सांगत नाहीस. नंतर दोन मिनिटांत आपण किल्लीवरून भांडायला लागलो तेवढं मात्र सगळ्यांना सविस्तर सांगतेस.

तुझं म्हणणं मी ऐकलं. गेल्या वर्षी तू धाकट्या मुलाकडे राहायला गेलीस, फोन बदलला, पत्रं मात्र जुन्या पत्त्यावरून फिरून फिरून येतात. तिसरं मिळालं त्या दिवशी तू तिकीट काढलंस. फोन का केला नाहीस विचारलं तर म्हणालीस, "फोनवर तुला पटलं नसतं की मी आहे." हे खरं आहे. तुझा आवाज ऐकून मी म्हटलं असतं की आता आपलंच डोकं फिरलं.

काल पाटी बसवली. मिनास, निकितास आणि तिघंजण होते. तू पायऱ्या मोजत चढत होतीस आणि एकोणचाळीसला थांबलीस. मी वरून पाहिलं. तू खडकावर बसलीस, पलीकडच्या दोन्ही बेटांकडे बघत राहिलीस आणि मग मान वर करून विचारलंस, "दर दुसऱ्या गुरुवारी?" मी "हो" म्हटलं. मग तू काही बोलली नाहीस. तुझ्या तोंडून काही न बोललेलं मी साठ वर्षांत पहिल्यांदा ऐकलं. तेवढ्यात एका पर्यटकानं तुला विचारलं की टॉयलेट कुठे आहे, आणि तू त्याला अमेरिकन भाषेत असं झाडलंस की तो होडीत जाऊन बसला. मला त्यातला एकही शब्द कळला नाही आणि जन्मात एवढं बरं वाटलं नव्हतं.

आज सकाळी दार उघडलं तर उंबऱ्यात घडी केलेला कागद होता. तुझं वाकडंतिकडं अक्षर. पुढच्या वर्षीच्या सणाची यादी. अजून अकरा महिने आहेत, पण तुला घाई. उजवीकडे आई, बाबा, आजी, सगळे बरोबर. डावीकडे, पहिल्या ओळीत, सेवास्ती.

मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. पहिल्या ओळीत कोण असतं हे तुला माहीत आहे, मला माहीत आहे, पापा-कॉस्मासला आणि संत किरियाकीलाही माहीत आहे. आईनं ऐकलं असतं तर नियम नियम म्हणून ओरडली असती. मग मी खाली वाचत गेले. मिनास, तुझे मुलगे, त्यांच्या बायका, मारुक्ला आजी, पार निकितासच्या गाढवापर्यंत. शेवटपर्यंत आले, कागद उलटा करून पाहिला. तुझं नाव कुठेच नाही.

आता हा टोमणा आहे का माफी आहे, ते मला कळत नाही. दोन्ही असेल. तुझं काहीच एकेरी नसतं. दहा मिनिटं त्या कागदाकडे बघत बसले आणि एवढी वैतागले की चुलीवरचं दूध उतू गेलं. एकदा चेष्टा पुरे झाली ना? परत परत मरायची हौस आहे का तुला? मला ते गहू दुसऱ्यांदा उकडायचे नाहीत.

पेन घेतलं आणि तुझं नाव मी लिहिलं. ठळक लिहिलं, शाईनं, आणि कागद मेणकापडात घालून तसबिरीमागे ठेवला. दुसऱ्या ओळीत लिहिलंय. पहिली मी सोडणार नाही, एकदा दिलीस ती दिलीस.

उद्या गुरुवार आहे. मिनासची होडी सातला निघते. तेलाचा डबा तुझ्या दाराशी ठेवलाय, तो या वेळी तू उचलायचास. एकोणचाळिसाव्या पायरीवर बस हवं तर, मी थांबेन. आणि आत्ता जेवायला ये, ताई, ऑक्टोपस शिजवलाय, थंड झाला की चामड्यासारखा लागतो.

सेवास्ती